साडेसत्त्याण्णव गुण म्हणजे नेमकं काय?

२०१४ च्या अखेरीस व्हिस्कीच्या दुनियेत एक आकडा खूप गाजला. ९७.५. जिम मरे या इंग्रज लेखकाच्या 'व्हिस्की बायबल' या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१५ च्या आवृत्तीत 'यामाझाकी सिंगल माल्ट शेरी कास्क २०१३' या जपानी व्हिस्कीला शंभरपैकी साडेसत्त्याण्णव गुण मिळाले आणि ती जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरली. स्कॉटलंडची एकही व्हिस्की पहिल्या क्रमांकावर नाही, ही बातमी जगभर छापून आली. थोड्याच काळात ती बाटली दुकानांतून गायब झाली आणि ज्यांच्याकडे उरली होती त्यांनी ती मूळ किमतीच्या कितीतरी पट भावानं विकली.

आता हाच आकडा तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये घातलाय आणि तो घेऊन आरआरसीसमोर उभे आहात, अशी कल्पना करा. समितीतले सर काय विचारतील? कोणी मोजलं? कशानं मोजलं? किती वेळा मोजलं? मोजणाऱ्याला बाटलीवरचं नाव माहीत होतं का? तोच माणूस पुढच्या मंगळवारी परत मोजेल तर आकडा तोच येईल का? आणि ९७ ऐवजी ९७.५ लिहिलंय, तर तो अर्धा गुण कशाचा?

आज आपण या प्रश्नांची उत्तरं शोधणार आहोत. तुम्ही दारू पिता की नाही, याच्याशी या लेखाचा संबंध नाही, आणि पिण्याचा सल्लाही यात नाही. पण ज्यांना पुढे मुलाखतींचं कोडिंग करायचंय, निबंध तपासायचेत, रुग्णाची वेदना १ ते १० मध्ये मोजायचीये किंवा प्रश्नावलीत 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशा चौकटी द्यायच्यात, त्या सगळ्यांची अडचण हीच आहे. माणूस हेच जिथे मोजमापाचं साधन असतं, तिथे काय काय बिघडतं, हे समजायला जुनी जपानी व्हिस्की फार चांगलं उदाहरण आहे. कारण इथे नमुना महाग आहे, मोजकाच आहे आणि मोजला की संपतो.

आधी वस्तू समजून घेऊ

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून बनवलेली व्हिस्की. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचं, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं आणि मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचं.

जपानमध्ये याची सुरुवात १९२३ मध्ये धरतात. शिंजिरो तोरी यांनी क्योतो आणि ओसाका यांच्यामध्ये यामाझाकी इथे डिस्टिलरी उभारायला घेतली. त्यांच्याकडचे मासाताका ताकेत्सुरु १९१८ मध्ये स्कॉटलंडला जाऊन हे तंत्र शिकून आले होते. पुढे ताकेत्सुरुंनी वेगळं होऊन १९३४ मध्ये होक्काइदो बेटावर योइची इथे स्वतःचं काम सुरू केलं. तोरींची कंपनी आज सनटोरी म्हणून आणि ताकेत्सुरुंची निक्का म्हणून ओळखली जाते.

मग जुन्या बाटल्या दुर्मिळ का? याचं उत्तर बाजाराच्या चढउतारात आहे. जपानमधला व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमारास शिगेला पोचला आणि नंतर जवळजवळ पंचवीस वर्षं घसरत गेला. खप नाही म्हटल्यावर उत्पादन कमी झालं, काही डिस्टिलऱ्या थांबल्या. नागानो प्रांतातली, १९५५ मध्ये सुरू झालेली कारुइझावा २००० मध्ये थांबली. सैतामा प्रांतातली हान्युही त्याच वर्षी थांबली. पुढे मागणी अचानक वाढली, पण तीस वर्षांची व्हिस्की हवी असेल तर ती तीस वर्षांपूर्वी बनवलेली असावी लागते! त्यामुळे २०१५ मध्ये निक्कानं योइची आणि मियागिक्योच्या वय लिहिलेल्या नेहमीच्या बाटल्या बंद केल्या आणि २०१८ मध्ये सनटोरीनं हाकुशु १२ आणि हिबिकी १७ ची विक्री थांबवली.

संशोधकाच्या भाषेत सांगायचं तर हा समूह आता वाढणार नाही. कारुइझावाच्या १९६० सालच्या एका पिंपातून २०१३ मध्ये फक्त ४१ बाटल्या भरल्या गेल्या. ४२ वी कधीच येणार नाही.

'वय' हे चल दिसतं तेवढं सरळ नाही

बाटलीवरचं वय म्हणजे तिच्यातल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचं वय. आता बहुतेकांच्या मनात 'जितकी जुनी तितकी चांगली' असं सरळ समीकरण असतं. ते तपासून बघू.

पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. हिशेबापुरतं हे प्रमाण वर्षाला २ टक्के धरा. १२ वर्षांनी साधारण ७८ टक्के उरेल, ३० वर्षांनी ५५ टक्के आणि ५० वर्षांनी जेमतेम ३६ टक्के. गोव्यात पॉल जॉनच्या सिंगल माल्ट बनतात, बंगळुरूमध्ये अमृतच्या. तिथल्या उष्ण हवेत उडण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. हिशेबाला वर्षाला ८ टक्के घेतले, तर १२ वर्षांतच ३७ टक्के उरतात. म्हणजे ५० वर्षं थंडीत राहिलेलं पिंप आणि १२ वर्षं उकाड्यात राहिलेलं पिंप, दोन्हींत शिल्लक सारखीच. चव सारखी असेल असं मी म्हणत नाही, पण 'वर्षं' हे एकक सगळीकडे सारखं नाही, एवढं यातून नक्की कळतं. तुमच्या अभ्यासात 'अनुभवाची वर्षं' किंवा 'शिक्षणाची वर्षं' असं चल असेल तर हाच प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट निवडीची. एखादं पिंप पन्नास वर्षांपर्यंत का ठेवलं जातं? कारण मध्ये मध्ये चाखून कुणीतरी ठरवलेलं असतं की हे ठेवण्यासारखं आहे. जी पिंपं लाकडामुळे कडवट होऊ लागली, ती आधीच काढून दुसऱ्या व्हिस्कीत मिसळली गेली. म्हणजे पन्नास वर्षांच्या बाटल्या सरस वाटल्या, तरी ते वयामुळे की गाळून गाळून उरल्यामुळे, हे फक्त त्या बाटल्यांकडे बघून सांगता येत नाही. गंमत म्हणजे ज्या यामाझाकीला साडेसत्त्याण्णव मिळाले, तिच्यावर वय लिहिलेलंच नव्हतं.

गुण देतात कसे?

ट्यूलिपच्या फुलासारखा, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घेतात, म्हणजे वास वर एकवटतो. आधी रंग, मग वास, मग छोटा घोट जिभेवर फिरवून चव, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मागे काय रेंगाळतं ते. मरे यांच्या पद्धतीत वास, चव, शेवट आणि समतोल अशा चार रकान्यांना प्रत्येकी २५ गुण आहेत.

आता बघा, चार रकाने आहेत म्हणजे चार स्वतंत्र मोजमापं झाली का? नाही. वास आवडला की चवीलाही हात सैल सुटतो. परीक्षेत पहिलं उत्तर सुंदर अक्षरात लिहिलं की पुढच्या उत्तरांनाही गुण बरे मिळतात, तसंच. यालाच प्रभामंडळ परिणाम म्हणतात. प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत म्हणजे वीस गोष्टी मोजल्या, असं म्हणण्याआधी त्या वीस उत्तरांचे आपसातले सहसंबंध बघायला हवेत, ते याचसाठी.

दुसरं, पट्टी शंभरची असली तरी वापरात सगळी नसते. अशा गुणपद्धतींत बहुतेक गुण वरच्या वीस-तीस आकड्यांत दाटीनं बसतात. त्यामुळे ९० आणि ९५ मधलं अंतर ७० आणि ७५ मधल्या अंतराएवढंच आहे, असं आपण गृहीत धरू शकत नाही. क्रम कळतो, अंतर कळत नाही. असल्या गुणांची सरासरी काढून दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली दिसली, की थांबून विचार करा.

डोळे आणि किंमत

२००१ मध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू यांनी फ्रान्समधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन दिली, आणि तीच पांढरी वाइन वास नसलेल्या रंगानं लाल करूनही दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरतात ते शब्द वापरले. शेरीच्या पिंपातली जुनी व्हिस्की गर्द तपकिरी असते. तो रंग दिसला की जीभ मनुका आणि खजूर शोधायला लागते. म्हणून काळजीपूर्वक चाचणी करणारे गडद निळे ग्लास वापरतात.

२००८ मध्ये प्लासमन आणि सहकाऱ्यांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाइन चाखवली. ९० डॉलरची वाइन एकदा खरी किंमत सांगून आणि एकदा १० डॉलर सांगून दिली. जास्त किंमत सांगितली तेव्हा ती जास्त आवडली, असं लोकांनी सांगितलंच. शिवाय आनंदाच्या अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच जास्त आवडली होती. हे लक्षात ठेवा, कारण 'माझे सहभागी प्रामाणिक आहेत' एवढ्यानं पूर्वग्रहाचा प्रश्न सुटत नाही.

आता दुर्मिळ व्हिस्कीचा विचार करा. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या बोनॅम्सच्या लिलावात यामाझाकी ५५ ची एक बाटली ६२ लाख हाँगकाँग डॉलरला गेली. अशा बाटलीतला घोट ज्याच्या वाट्याला येतो त्याला ते माहीत असतंच. त्यातून ती बाटली उघडली जाईल याचीही खात्री नाही. म्हणजे गुण मिळतात ते फक्त उघडलेल्या बाटल्यांना, आणि देतात ते ज्यांना बोलावणं आलं किंवा ज्यांनी पैसे मोजले ते. नमुनाही निवडलेला, परीक्षकही निवडलेला.

तोच माणूस, तीच वाइन, दुसरा आकडा

रॉबर्ट हॉजसन हे स्वतः वाइन बनवणारे आणि संख्याशास्त्र जाणणारे गृहस्थ. कॅलिफोर्निया राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत २००५ पासून चार वर्षं त्यांनी एक साधी युक्ती केली. परीक्षकांसमोर सुमारे ३० ग्लास ठेवले जात, त्यांतले तीन ग्लास एकाच बाटलीतले असत, आणि हे परीक्षकांना माहीत नसे. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की साधारण दहा टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात बसतील असे गुण देता आले. तर दुसऱ्या दहा टक्क्यांनी एकाच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिलं.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायचे, व्हायवाला नक्की विचारतात. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर तेच येतं का. वैधता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का. पहिली नसेल तर दुसरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. दरवेळी लेबल बघून ९५ देणारा परीक्षक अगदी विश्वसनीय आहे, फक्त तो लेबल मोजतोय.

मग एका बाटलीत काय करता येईल?

समजा तुम्हाला ७०० मिलीची एक दुर्मिळ बाटली संशोधनासाठी मिळाली. १५ मिलीचा एक नमुना धरला तर ४६ ग्लास होतात. बास, एवढंच भांडवल.

पहिला प्रश्न 'किती चांगली' हा नसावा. ही तिच्याच डिस्टिलरीच्या साध्या बाटलीपेक्षा वेगळी ओळखू येते का, हा असावा. त्यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात. प्रत्येक परीक्षकासमोर तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. १२ परीक्षक असतील तर किमान ८ जणांचं उत्तर बरोबर यायला हवं, तेव्हा ५ टक्क्यांच्या पातळीवर फरक सार्थ म्हणता येतो. सात आले तर म्हणता येत नाही. निम्म्या लोकांना दुर्मिळ व्हिस्कीचे दोन ग्लास आणि निम्म्यांना एक, असं वाटलं तर एकूण १८ ग्लास, म्हणजे २७० मिली. बाटलीतला जवळजवळ दोन पंचमांश भाग 'फरक आहे का' या एका प्रश्नात संपला! रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात चहा चाखणाऱ्या बाईंचं उदाहरण दिलं, तेव्हा आठ कपांना फार खर्च नव्हता. इथे आहे. त्यामुळे रचना आधी कागदावर पक्की करावी लागते.

उरलेल्या २८ ग्लासांचं काय? काही नियम असे:

- सराव स्वस्त बाटल्यांवर करून घ्या. दुर्मिळ नमुना प्रशिक्षणात खर्च करू नका.
- क्रम प्रत्येकाला वेगळा द्या. पहिला ग्लास ताज्या जिभेला मिळतो, सहावा दमलेल्या. एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त नमुने ठेवू नका.
- एक नमुना गुपचूप दोनदा द्या, हॉजसन यांच्यासारखा. त्या दोन गुणांतला फरक म्हणजे तुमच्या साधनाची चूक किती, याचा अंदाज. दोन व्हिस्क्यांतला फरक त्याहून लहान असेल तर त्यावर निष्कर्ष काढू नका.
- पाणी किती घातलं ते लिहून ठेवा. २०१७ मध्ये कार्लसन आणि फ्रिडमन या स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकीय सिम्युलेशननं दाखवलं, की धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर आत खोल जातो. एकानं पाणी घालून आणि दुसऱ्यानं न घालता चाखली, तर दोघांनी वेगळी वस्तू मोजली.

आधी वर्णन, मग आवड

संवेदी शास्त्रात एक शिस्त पाळतात. प्रशिक्षित गटाला 'आवडली का' असं विचारत नाहीत. त्यांनी फक्त काय जाणवतं आणि किती तीव्र, एवढंच सांगायचं. आवड विचारायची ती सामान्य ग्राहकांना, वेगळ्या चाचणीत. एकाच आकड्यात दोन्ही कोंबलं की 'धूर जास्त आहे' आणि 'मला धूर आवडत नाही' यांतला फरक पुसला जातो.

आणि वर्णन म्हटलं की भाषा आली. जपानमध्ये मिझुनारा नावाचा ओक मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं मिळेनात, तेव्हा त्याचा वापर सुरू झाला. हे लाकूड सच्छिद्र आहे, पिंपं गळतात, कारागीर वैतागतात. पण बराच काळ मुरल्यावर त्याला चंदनाचा आणि उदबत्तीचा वास येतो, असं वर्णन जपानमध्ये करतात. इंग्रज परीक्षकानं नाताळचा केक लिहिला तर आपल्यातल्या अनेकांना बोध होणार नाही, पण सहाणेवर उगाळलेलं चंदन आपल्याला लगेच कळतं. म्हणून गटाला शब्दांची यादी देऊन भागत नाही. त्या वासाची प्रत्यक्ष वस्तू कुपीत ठेवून हुंगवावी लागते. 'चंदन म्हणजे हे' असं ठरल्यावरच दोन परीक्षकांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. मुलाखतींच्या कोडबुकमध्ये प्रत्येक कोडखाली नमुन्यादाखल वाक्य द्या असं गाईड का सांगतात, ते आता लक्षात येईल.

वर्णनांतूनही विज्ञान निघतं. १९९४ मध्ये लापॉइंट आणि लजान्द्र या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मायकल जॅक्सन यांच्या पुस्तकातल्या १०९ स्कॉच व्हिस्क्यांची वर्णनं घेतली, त्यांचं 'आहे-नाही' अशा ६८ गुणधर्मांत रूपांतर केलं आणि त्यावरून व्हिस्क्यांचं वर्गीकरण केलं. हे जॅक्सन गायक नव्हेत, बिअर आणि व्हिस्कीवर लिहिणारे. वर्णनं मात्र एकाच माणसाची होती. त्यामुळे वर्गीकरणही त्या माणसाच्या नाकाचं, हे विसरायचं नाही.

'जपानी' कशाला म्हणायचं?

शेवटचा मुद्दा, आणि प्रस्तावात सगळ्यात आधी लिहायचा. तुमचा समूह कोणता? अनेक वर्षं परदेशातून आणलेली व्हिस्की मिसळून किंवा नुसती बाटलीत भरूनही 'जपानी' म्हणून विकता येत होती. जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेनं एप्रिल २०२१ पासून आपल्या सदस्यांसाठी नियम लागू केले: पाणी जपानचं, आंबवणं आणि ऊर्ध्वपातन जपानमध्ये, लाकडी पिंपात किमान तीन वर्षं जपानमध्येच, आणि बाटलीत भरणंही तिथेच. जुन्या माल-लेबलांना मार्च २०२४ पर्यंत सवलत होती. म्हणजे २०१० मध्ये 'जपानी व्हिस्क्यांची सरासरी' काढली असेल आणि २०२५ मध्ये पुन्हा काढली, तर मधल्या काळात चव बदलली की व्याख्या, हे आधी बघावं लागेल.

मग त्या साडेसत्त्याण्णवचं काय करायचं? तो आकडा खोटा नाही. एका अनुभवी माणसानं एका वेळी केलेली ती एक नोंद आहे, आणि तेवढीच वजनदार आहे. अडचण झाली ती वाचणाऱ्यांनी तिला व्हिस्कीचा गुणधर्म मानलं तेव्हा, जणू अल्कोहोलच्या टक्केवारीसारखा तो बाटलीतच होता.

तुमच्या प्रस्तावात जिथे जिथे माणसानं दिलेला आकडा येणार आहे, तिथे पेन्सिलीनं खूण करा. प्रत्येक खुणेशेजारी तीन गोष्टी लिहा: देणाऱ्याला काय आधीच माहीत होतं, तोच माणूस पुन्हा किती जवळचा आकडा देतो, आणि दुसऱ्याचा आकडा किती वेगळा येतो. ज्या खुणेशेजारची जागा कोरी राहील, तिथे आधी छोटा पायलट अभ्यास करा. नमुना महाग असेल तर तो साध्या नमुन्यावर करा, आणि ती बाटली तोवर बंद राहू द्या.